तास खरे लिहा, भांडायचं ते दरावर भांडा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३६, राहायला नाशिकला. मुलाच्या जन्मानंतर नोकरी सोडली आणि आता घरून स्वतंत्रपणे काम करते. कारखान्यांसाठी एमआयएस रिपोर्ट (व्यवस्थापनाला लागणाऱ्या आकड्यांचे अहवाल) आणि डॅशबोर्ड बनवते. सध्याचं मोठं काम पुण्याच्या एका कन्सल्टन्सीमार्फत चाकणच्या एका कारखान्याचं आहे. करार तासावर आहे: तासाला ९०० रुपये, महिन्याला कमाल १६० तास, महिनाअखेरीस टाइमशीट, म्हणजे कामाच्या तासांचा तक्ता. सुरुवातीला खरंच १५०-१६० तास लागायचे. मग मी स्वतःच मॅक्रो (तेच ते काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) आणि टेम्प्लेट तयार केली, आता तेच काम ११० तासांच्या आसपास उरकतं. कन्सल्टन्सीचा को-ऑर्डिनेटर म्हणतो, "मॅडम, १६० भरून टाका. बजेट मंजूर आहे, वापरलं नाही तर पुढच्या वर्षी कापतील." गेले पाच महिने मी तसंच करतेय. अनंत चतुर्दशीला कारखाना बंद होता, त्या दिवशीही माझ्या शीटवर आठ तास आहेत. उलट बाजूने, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा टीम्स या ऑफिसच्या चॅट ॲपवर मी हजर असल्याचा हिरवा ठिपका दिसलाच पाहिजे असा दंडक आहे. रात्रीचे फोन आणि रविवारची दुरुस्ती मी कधीच लावत नाही. शेवटी हिशेब बरोबरच होतो ना? की मी चोरी करतेय? वेगाने काम करते म्हणून मलाच कमी पैसे का? घराचा हप्ता चालू आहे, महिन्याला ४५ हजारांचा फरक मला परवडणार नाही. पैसेही उशिरा मिळतात. आणि चाकणला जावं लागतं त्या दिवसाचं काय लावायचं? (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नमस्कार ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. वेगाने काम करते म्हणून मलाच कमी पैसे का? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि बाकीचा सगळा गोंधळ त्यातूनच सुरू झालाय. तुम्ही स्वतःच्या वेळात, स्वतःच्या डोक्याने मॅक्रो लिहिले, त्याचा फायदा कारखान्याला झाला आणि तुमचं बिल उतरलं. हे खुपणारच. पण तासाचा करार असतोच तसा. त्यात वेळ वाचला की तो देणाऱ्याचा वाचतो.

तासावर बिल लावणाऱ्या व्यवसायांमध्ये वकिली जुनी, आणि हा वाद तिथे फार पूर्वीच होऊन गेलाय. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेने १९९३ साली एक औपचारिक मत दिलं. एका अशिलाच्या कामासाठी विमानाने जाणाऱ्या वकिलाने प्रवासात दुसऱ्या अशिलाचं काम केलं, तर तेच तास दोघांच्याही बिलात लावता येणार नाहीत. एकासाठी केलेलं संशोधन दुसऱ्याला जसंच्या तसं उपयोगी पडलं, तर पहिल्या वेळी लागलेले तास दुसऱ्याकडून वसूल करता येणार नाहीत. २०२४ मध्ये एआय वापरून झटपट मसुदे तयार व्हायला लागले तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं: करार तासाचा असेल तर जितका वेळ लागला तितकाच लावा. तुमची टेम्प्लेट याच जातीची आहेत. पण याचा अर्थ तुमच्या हुशारीला किंमत नाही असा नाही. तिची किंमत दरात लावायची असते किंवा करार बदलून मागायची असते. तासांच्या रकान्यात ती लपवली की तुमचंच नुकसान होतं.

कसं ते सांगतो. आज कागदावर काय दिसतं? या बाईंना हे काम करायला १६० तास लागतात, पहिल्या महिन्यातही आणि आजही. म्हणजे तुम्ही केलेली सुधारणा तुमच्याच शीटने पुसून टाकली. उद्या दर वाढवून मागायला गेलात तर हातात पुरावा काय? "मी आता दोन-तृतीयांश वेळात करते" हे वाक्य तुमच्याकडचं सगळ्यात मोठं नाणं आहे, आणि पाच महिन्यांच्या कागदपत्रांनी ते तुमच्याच हातात खोटं पाडलंय. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती याची.

आता आकडे पाहू. १६० तासांचे ९०० ने होतात १,४४,०००. ११० तासांचे ९९,०००. तेवढीच रक्कम ११० तासांत यायला दर लागेल साधारण १,३१०. एकदम ९०० वरून तिथे कोणी जाणार नाही, हे मान्य. पण १,२५० मागितले तरी १,३७,५०० होतात, म्हणजे आजच्यापेक्षा फक्त साडेसहा हजार कमी. आणि त्यातही त्या कारखान्याला महिना स्वस्तच पडतो, वर काम लवकर हातात येतं. दुसरा रस्ता ठरावीक मासिक रकमेचा: अमुक इतके रिपोर्ट, अमुक तारखांना, त्याचे महिन्याला समजा सव्वा लाख, त्या यादीबाहेरचं काही निघालं तर तासावर. तुमच्यासारख्या दर महिन्याला तेच ते रिपोर्ट देणाऱ्या माणसाला मी हा दुसरा रस्ता सुचवेन, कारण त्यात तुम्ही ऐंशी तासांत संपवलं तरी कोणी विचारत नाही. धोकाही आहे. "यात हेही करून द्या ना" म्हणत यादी लांबवतात. म्हणून रिपोर्टांची नावं, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, आणि डेटा तुमच्याकडे उशिरा आला तर तारीख पुढे जाईल, एवढं लिहून घ्यायचंच.

करारातला 'कमाल १६० तास' हा शब्दप्रयोग तुमच्या को-ऑर्डिनेटरने फिरवून ठेवलाय आणि तुम्हीही तो तसाच घेतलात असं वाटतं. कमाल म्हणजे वरची मर्यादा. त्यापुढे विचारल्याशिवाय जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्या तासांचे पैसे ते तुम्हाला देणं लागतात असा अर्थ होत नाही. किमान हमी हवी असेल तर 'किमान' हा शब्द करारात यावा लागतो. आणि 'बजेट कापतील' ही काळजी कारखान्याच्या माणसाने करायची. को-ऑर्डिनेटर ती तुमच्या सहीने का करतोय, याचा विचार करा. कन्सल्टन्सी तुम्हाला ९०० देते, पुढे काही जास्त लावत असणार. तुमचे पन्नास फुगवलेले तास म्हणजे तिचं पन्नास तासांचं कमिशन. उद्या प्रश्न आला तर तिच्याकडे दाखवायला तुमची शीट आहे. तुमच्याकडे दाखवायला त्याचा एक तोंडी निरोप.

इथे मात्र थांबतो, कारण तुमचं ११० हे सुद्धा खरं नसावं असा मला दाट संशय आहे.

साडेनऊ ते साडेसहा हिरवा ठिपका. त्या वेळात तुम्ही मुलाला शाळेतून आणायला जाऊ शकता का? दुसऱ्या क्लायंटचं काम घेऊ शकता का? कारखान्यातून मेसेज आला तर किती मिनिटांत उत्तर द्यावं लागतं? अमेरिकेत याच प्रश्नावर १९४४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात दोन खटले गाजले. त्यातला एक टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचा. मांस प्रक्रियेच्या कारखान्यातले सात कामगार आठवड्यातल्या काही रात्री कारखान्याच्या आवारात राहून आगीच्या घंटेची वाट पाहायचे. घंटा क्वचित वाजायची. बाकी वेळ झोप, पत्ते, गप्पा. हा वेळ कामाचा की नाही? न्यायालयाने सरसकट हो किंवा नाही म्हटलं नाही. थांबून राहणं हेच काम असू शकतं, आणि ते प्रत्यक्षात काय ठरलं होतं, माणूस किती बांधलेला होता यावर अवलंबून आहे, असं सांगून खटला फेरविचारासाठी परत पाठवला. तो मजुरीचा कायदा, तोही तिकडचा. तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक, तुमच्या बाबतीत तुमचा करारच बोलणार. पण प्रश्न विचारायची रीत अगदी तुमच्या उपयोगाची आहे.

तुम्ही खरोखर बांधलेल्या असाल, तर तो उपलब्धतेचा वेळ आहे आणि त्याला मोल आहे. त्याचे पैसे मागा. पण 'रिपोर्ट तयार केला, आठ तास' असं लिहून नाही. 'उपलब्ध, कामाची वाट' असा वेगळा रकाना मागा, वेगळा दर ठरवा, अर्धा का असेना. आणि ते म्हणाले की उपलब्धतेचे पैसे देणार नाही, तर मग हिरव्या ठिपक्याचा दंडक कशाला? दोन्ही एकदम चालणार नाही. हे संभाषण तुम्ही आजवर टाळलंत कारण १६० च्या आकड्याने ते झाकलं जात होतं.

रात्रीचे फोन आणि रविवारची दुरुस्ती लावत नाही, म्हणून शेवटी सगळं सारखंच होतं, हा तुमचा हिशेब मला पटत नाही. तुमच्या मनात तो जुळत असेलही. पण देणाऱ्याला त्यातली एकच बाजू दिसते. तुम्ही रविवारी चार तास बसलात हे कुठेही नोंदलेलं नाही, आणि चतुर्दशीला बसला नाहीत ते मात्र आठ तास म्हणून नोंदलंय. वाद निघाला की नोंद बोलते, मनातला हिशेब बोलत नाही. शिवाय रविवार फुकट दिल्यावर रविवार फुकटच मिळतो असा त्यांचा समज होतो, त्यात त्यांचा तरी काय दोष?

'चोरी' हा शब्द तुम्ही स्वतःला लावलात. मी तो लावणार नाही. पण टाइमशीट हे बिलामागचं निवेदन असतं, त्यावर विसंबून कोणीतरी पैसे देतो, आणि तुमचं निवेदन पाच महिने खरं नव्हतं. हे सौम्य करून सांगण्यात तुमचं भलं नाही.

मी उमेदीची वर्षं बांधकाम कंत्राटांची बिलं तपासण्यात घालवली. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांत मोजमाप पुस्तिका असते, सगळे तिला एमबी म्हणतात. पानांवर छापील क्रमांक. नोंद जागेवर, मोजतानाच करायची. चुकलं तर खोडरबर नाही, पान फाडणं नाही. चुकलेला आकडा वाचता येईल अशी एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. कंत्राटदाराचं बिल या पुस्तिकेवर उभं राहतं. त्या खात्यातल्या कामांबद्दल लोक काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे, पण नोंदीची ही शिस्त ज्याने घालून दिली त्याला पैशाच्या भांडणांची पुरी जाण होती. तुमच्या शीटला हीच शिस्त लावा.

बिल तपासणाऱ्याच्या नजरेला काय खटकतं सांगू? ८.००, ८.००, ८.००. वीस दिवस, एकसारखे. एकही दिवस साडेसहाचा नाही की सव्वानऊचा नाही. समोर 'रिपोर्ट वर्क'. माणूस असं काम करतच नाही. महिनाअखेरीस एका बैठकीत बसून भरलेली शीट लांबूनच ओळखू येते. सुट्टीच्या दिवशीचे आठ तास तर सर्व्हरच्या लॉगइनशी ताडून पाहिले की दोन मिनिटांत उघडे पडतात. त्याऐवजी हे पाहा:

९.४० ते ११.१५ : स्टॉक रिपोर्ट. दोन गोदामांच्या शिल्लकीत फरक. ट्रान्सफरची एन्ट्री दोनदा पडलेली सापडली. स्टोअरला मेल केला.

११.१५ ते १२.०० : सर्व्हर बंद. थांबून होते. आयटीला ११.२० ला कळवलं.

सायंकाळी ७.१० ते ७.३० : प्लँट हेडचा फोन, उद्याच्या मीटिंगसाठी आकडे काढून दिले.

यातली दुसरी आणि तिसरी ओळ तुम्ही आज लिहीतच नाही. पहिली ओळ वाचून देणाऱ्याला कळतं की दीड तासाहून थोडा जास्त वेळ कुठे गेला आणि त्याचं काय मिळालं. असं लिहायला दिवसाला पाच मिनिटं पुरतात, मात्र त्याच दिवशी लिहायचं. साधी एक्सेल चालते. टॉगल किंवा क्लॉकिफायसारखं वेळ मोजणारं ॲप लावलंत तर अधिक सोपं. पंधरा मिनिटांच्या पटीत लावायचं की मिनिटावर, हे करारात एका ओळीत ठरवून घ्या. आणि पटीत लावायचं ठरलं तर जवळच्या पटीला न्यायचं, नेहमी वरच्या नाही. शीट महिन्याला नको, दर शुक्रवारी पाठवा. आठवड्याचे तास माणसाला आठवतात, हरकत घ्यायची तर तेव्हाच घेतली जाते. महिन्यानंतरची हरकत म्हणजे नुसती घासाघीस.

ठरावीक रकमेवर काम करणाऱ्यांनीही (डिझायनर, अनुवादक, छोटे कंत्राटदार, सगळेच) स्वतःपुरती अशी वही ठेवावी. बिलात दाखवायची नसली तरी पुढच्या कामाचा दर काढताना तीच कामी येते. अंदाजाने सांगितलेला दर बहुतेक वेळा कमीच पडतो.

आता को-ऑर्डिनेटरचं काय करायचं. त्याच्याशी नीतीवर वाद घालू नका, त्याने तो चिडेल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. फक्त मेल पाठवा: "सर, या महिन्याचे प्रत्यक्ष तास १२४ झाले, सविस्तर शीट जोडली आहे. यात उपलब्धतेचे आणि संध्याकाळच्या फोनचे तास वेगळे दाखवले आहेत. यापुढे दर शुक्रवारी शीट पाठवीन. मॅक्रोमुळे रिपोर्टांचा वेळ बराच कमी झाला आहे, त्या अनुषंगाने नूतनीकरणाच्या वेळी दराबद्दल किंवा मासिक रकमेबद्दल बोलू या." १२४ हा मी उदाहरणादाखल घेतला, तुमचा खरा आकडा घाला. त्याचा फोन येईल, "अहो, १६० करा ना." तेव्हा शांतपणे म्हणा, "मेलवर कळवता का, म्हणजे माझ्या रेकॉर्डला राहील." असला मेल सहसा कोणी करत नाही. आणि त्याने तुमची शीट परस्पर बदलून पुढे पाठवली तर तुम्ही पाठवलेली, तारखेसकटची प्रत तुमच्याकडे असेलच.

काम जाऊ शकतं का? हो, जाऊ शकतं. असं होणारच नाही म्हणून मी तुम्हाला धीर देणार नाही. म्हणून मेल पाठवायच्या आधी दोन-तीन हप्त्यांची सोय बाजूला आहे का पाहा, आणि जे वीस-तीस तास खरोखर मोकळे आहेत त्यांत दुसरं एखादं काम शोधायला आजच लागा. बरीचशी मिळकत एकाच कन्सल्टन्सीकडून येते म्हणूनच तो निरोप तुम्हाला आदेशासारखा वाटला.

सगळ्यात अवघड भाग गेल्या पाच महिन्यांचा. जुन्या शीट आता बसून दुरुस्त करून मागच्या तारखा टाकू नका. ते पहिल्यापेक्षा वाईट. मेल, टीम्सचे मेसेज, फोनची यादी, फाइलच्या जुन्या आवृत्त्या यांवरून त्या महिन्यांचे खरे तास शक्य तितके उभे करा. त्यात रविवार धरा, संध्याकाळ धरा, थांबून राहिल्याचे तासही वेगळे काढा. कदाचित फरक पन्नास तासांचा नसून वीस-पंचवीसचा निघेल. तो कागद आणि करार घेऊन आधी एखाद्या वकिलाला भेटा, काहीही लेखी पाठवण्याआधी. माझं मत असं की त्यानंतर को-ऑर्डिनेटरला वगळून कन्सल्टन्सीच्या मालकांशी बोलावं आणि फरक पुढच्या बिलांत वळता करून घेण्याची तयारी दाखवावी. तुमचा करार त्यांच्याशी आहे, थेट कारखान्याला पत्र लिहिणं घाईचं होईल. गप्प बसण्याचा पर्यायही आहे, पुष्कळ लोक तोच घेतात. पण मग दर वेळी शीट पाठवताना पोटात गोळा येणं थांबत नाही, आणि तुम्ही हे पत्र लिहिलंत त्या अर्थी तो येतोय.

पैसे उशिरा मिळतात असंही तुमच्या पत्राच्या कोपऱ्यात होतं. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करून घ्या. ती मोफत आहे, सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते, मात्र वाद निघायच्या आधी करून ठेवायला हवी. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात वजा करता येत नाही, अशी दुरुस्ती २०२३ च्या वित्त कायद्याने झाली. त्यामुळे हल्ली अकाउंट्स विभाग उद्यम क्रमांक पाहून हलतो. काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असं कायदा धरतो. दर शुक्रवारच्या शीटचा हा आणखी एक उपयोग.

चाकणला जाण्याच्या दिवसाबद्दल तुम्ही विचारलंत ते राहिलंच. नाशिकहून जाऊन-येऊन सहजी आठ-नऊ तास मोडतात आणि कराराने त्यावर मौन पाळलंय. मागचे सोडून द्या. पुढच्या वेळी बोलावणं आलं की निघण्याआधी एक ओळ पाठवा: प्रवासाचे तास अर्ध्या दराने आणि गाडीभाडं प्रत्यक्ष पावतीप्रमाणे लावीन, चालेल का? 'हो' आलं की निघा.